गाडीची तयारी, टायरपासून
लांबच्या प्रवासाला निघायचंय, म्हणून आजचा दिवस गाडीच्या तयारीत. निम्मा वेळ टायरनाच, आणि ते बरोबरच आहे. हवा टायर थंड असतानाच तपासायची. गाडी पळवून आणली की आकडा फुगलेला दिसतो. माणसं-सामान भरून जायचं तर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा धरा. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि हायवेवर फुटते. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर बाद. बाजूवर २३१९ दिसलं तर तो २०१९च्या २३व्या आठवड्यातला. स्टेपनीची हवा? हमखास विसरतात! कूलंट इंजिन गार असतानाच बघा. ऑइल, वायपर, लाइट पाच मिनिटांत उरकतं. सर्व्हिसिंग मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी नको. आठवडाभर आधी केलं तर सैल राहिलेली क्लिप घराजवळच कळते.