भिंतीवरची पुराची रेषा

पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर चिखलाची एक आडवी रेषा उरते. तिच्यावरचा रंग शाबूत असतो, खाली ओल आणि पोपडे असतात, आणि नेमक्या त्या उंचीवर गवताच्या काड्या चिकटलेल्या दिसतात. छायाचित्रकार म्हणून सुरुवातीची काही वर्षे मी या रेषेकडे पाहतही नसे. मला वाहून जाणारी छपरे आणि रडणारे चेहरे हवे असत. ती छायाचित्रे पाहून लोक हळहळत, मदतही पाठवत, आणि ते थोडे नव्हे. पण तोडलेला डोंगरउतार, बुजवलेली पाणथळ जागा, पात्रात घुसलेली बांधकामे यांपैकी काहीच चौकटीत नसल्यामुळे पाहणारा ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मोकळा होई, आणि त्याला माझेच छायाचित्र हातभार लावत होते, हे कळायला मला बराच काळ लागला.

आपत्तीमागचे कारण दाखवण्याच्या ओढीतही एक धोका असतो. १९३६ मध्ये अमेरिकेतील दुष्काळ शासनासाठी टिपताना आर्थर रॉथस्टाइन यांना साउथ डकोटात गुराची एक पांढरी पडलेली कवटी सापडली, आणि त्यांनी ती काही फूट हलवून तिची वेगवेगळी छायाचित्रे घेतली. ते निवडणुकीचे वर्ष होते. विरोधी वृत्तपत्रांनी बनावटपणाची ओरड केली आणि दुष्काळ खरा असूनही चर्चा कवटीचीच झाली. म्हणून मी घटनास्थळी काडीही सरकवत नाही. छायाचित्राखालच्या ओळींनाही मी हाच नियम लावतो: अमुक वादळ तापमानवाढीमुळेच आले, असे मी लिहीत नाही, हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते आणि त्यामुळे मुसळधार पावसाचा जोर वाढतो, एवढे मात्र निःशंकपणे लिहितो.

माझ्या मते खरी ताकद पुन्हा त्याच जागी जाण्यात आहे. अलास्कातील म्यूर हिमनदीचे छायाचित्र विल्यम फील्ड यांनी १९४१ मध्ये काढले आणि त्याच ठिकाणाहून ब्रूस मोल्निया यांनी २००४ मध्ये काढले. पहिल्यात बर्फाने भरलेली दरी आहे, दुसऱ्यात पाणी आणि काठावर उगवलेली झाडी. दोन्हींत आक्रोश करणारे कोणी नाही, तरी मी ती जोडी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. एका हिमनदीवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य आहे. परंतु अशा जोड्या जगभर जमत गेल्या की केवळ योगायोग म्हणणे अवघड होते.

मागे एका पूरग्रस्त घरी मी काही महिन्यांनी परत गेलो, तेव्हा भिंत रंगवून झाली होती. रेषा गेली असेल असे मी म्हणालो, तर घरातल्या आजींनी नातवाकडून कपाट पुढे ओढून घेतले. मागच्या न रंगवलेल्या पट्टीवर ती रेषा तशीच होती, आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर आणखी एक, खिळ्याने कोरलेली. “ती आमच्या सासऱ्यांच्या वेळची,” आजी म्हणाल्या, “तेव्हा एवढंच चढलं होतं.” त्यांची परवानगी घेऊन मी दोन्ही रेषा एकाच चौकटीत घेतल्या, आणि माप कळावे म्हणून आजींनी मधल्या जागेत आपला हात टेकवला.