तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एवढी कोण गं तू?’

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. कधी अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर अडकलेला मुलगा, कधी थेट सांगलीहून त्याची आई. आधी हवापाणी, मग मुद्दा: ती ईबी-वन-ए, म्हणजे ग्रीन कार्डाची ‘असामान्य क्षमता’वाली श्रेणी, तुला मिळाली म्हणे, तर तू दाखवलंस तरी काय? एका मावशींनी सरळच विचारलं, “त्याला आइनस्टाइन व्हिसा म्हणतात ना? मग तू एवढी कोण गं?”

एवढी कुणी नाही, मावशी. मी द्राक्षावरच्या भुरीवर, म्हणजे एका बुरशीजन्य रोगावर, काम करते. तासगावकडच्या बागायतदाराची मुलगी, त्यामुळे भुरी आणि केवडा हे द्राक्षाच्या रोगांचे शब्द पाढ्यांच्या आधी कानावर पडले. कॅलिफोर्नियात लागले तेव्हा बागेतल्या हवेतले बुरशीचे बीजाणू सापळ्यात पकडायचे, मोजायचे आणि त्यावरून फवारणी कधी घ्यायची ते ठरवायचं, असं काम चालू होतं. त्यातला एक किचकट टप्पा मी सोपा केला. झालं.

नियम थोडक्यात सांगते. अर्ज, म्हणजे आय-१४०, स्वतःचा स्वतः भरता येतो, नोकरी देणारा मागे उभा असावाच लागतो असं नाही. नोबेल किंवा ऑलिंपिक पदक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दहा निकष आहेत: पुरस्कार, तुमच्याबद्दल छापून आलेलं, दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, मूळ योगदान, लेख, मोठा पगार वगैरे. त्यातले किमान तीन बसवायचे. पण तीन बसले की पास, असं नाही. काझारियन नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यात २०१० साली निकाल लागला. तेव्हापासून आधी निकष मोजतात आणि मग सगळा गठ्ठा एकत्र बघून ठरवतात, की हा माणूस खरंच आपल्या क्षेत्रातल्या वरच्या मोजक्यांत आहे का. काझारियन स्वतः हरला. त्याचे दोनच निकष बसले होते.

माझा पहिला मसुदा वकीलबाईंनी परत पाठवला तेव्हा लाल गोलांनी भरला होता. प्रत्येक गोलात एकच शब्द: ‘आम्ही’. आम्ही सापळे लावले, आम्ही कृती सुधारली. बाई म्हणाल्या, “अर्ज तुझा की गावाचा?” काय सांगणार? माझ्या वडिलांनी चार एकर बाग स्वतःच्या हातांनी उभी केली, आणि आजही ते म्हणतात, “त्या साली बाग लागली.” जणू आपोआप. अशा घरात ‘मी केलं’ लिहायला मला तीन आठवडे लागले.

त्यातही मी मुळातच चुकत होते. माझं काम किती अवघड होतं ते मी पानंच्या पानं सांगत होते, आणि अवघडपणाला तिथे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की तुझ्या कामामुळे दुसऱ्या कुणाचं काय बदललं? सायटेशनचा, म्हणजे इतरांनी आपल्या लेखाचा संदर्भ किती वेळा दिला त्याचा, आकडा मिरवण्यापेक्षा, ज्या लेखात ‘आम्ही हीच कृती वापरली’ असं लिहिलंय, ते एक पान पिवळं करून लावलेलं बरं. पत्रांचंही तेच. माझ्या गाईडनं भरभरून लिहिलं, ते पत्र थोडंच उपयोगी पडलं. ज्यांना मी कधी भेटले नाही, पण ज्यांच्या प्रयोगशाळेत माझी कृती चालते, त्यांचं दीड पानी कोरडं पत्र जास्त चाललं. तरीही आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस, आलीच. ‘योगदान महत्त्वाचं असल्याचं दिसत नाही.’ उत्तराला ८४ दिवस. त्यात मी एकही विशेषण घातलं नाही. कोणत्या बागांत सापळे लागले आणि किती फवारण्या वाचल्या, तेवढंच. मग मंजुरी आली.

मंजुरी आली म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं समजू नका. आपल्या देशाची रांग ईबी-वनलाही आहे, ईबी-टू या खालच्या श्रेणीपेक्षा आखूड इतकंच. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडायचं आणि चहा गार करायचा.

आणि हो, एका कात्रणाची गोष्ट राहिलीच. दहा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका पेपरात माझ्यावर चौकट आली होती, ‘तासगावच्या लेकीचं संशोधन’. मला वाटलं, एक निकष घरातच आहे! भावजयीनं इंग्रजी भाषांतर केलं, दोन्ही भाषा येत असल्याचं सही करून दिलं. पण नियमात लेखाचं शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव लागतं, आणि नावाच्या जागी छापलेलं होतं: ‘आमच्या वार्ताहराकडून’. भावानं शोधून काढलं. तो वार्ताहर आता औषधं-खतांचं दुकान चालवतो. त्यानं कोऱ्या कागदावर ‘हे मीच लिहिलं’ असं लिहून दुकानाचा शिक्का मारला आणि फोनवर तीनदा विचारलं, “अमेरिकेच्या सरकारला माझं नाव पायजे?”

वकीलबाईंनी ते बाजूला काढलं. तालुक्याचा पेपर म्हणजे मोठं प्रसारमाध्यम नव्हे, म्हणाल्या. तो वार्ताहर अजून दर दिवाळीला भावाला विचारतो, माझ्या कागदाचं काय झालं. भाऊ सांगतो, त्याच्यामुळेच झालं काम.