सरपंचपदाची निवडणूक, वाडीची शाळा आणि खर्चाच्या हिशेबाची पोच : माझा अनुभव

नोव्हेंबर 2023 मध्ये मी आमच्या गावची थेट (म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन निवडलेली) सरपंच म्हणून निवडून आले, आणि त्यानंतरच्या तीस दिवसांत मला जेवढा मनस्ताप झाला तेवढा संपूर्ण प्रचारात झाला नव्हता. तो विरोधकांनी दिला नाही. निवडणूक खर्चाचा हिशेब तहसील कार्यालयात सादर करणे आणि त्याची पोच हातात घेणे, एवढ्या एकाच कामाने तो दिला. पैशाच्या नव्हे तर लोकांच्या बळावर ग्रामपंचायतीला उभे राहू पाहणाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखून ठेवावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी उभी राहिले ती शाळेसाठी. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्यांकडून मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही त्यासाठी पुढे ठेवलेली उदाहरणे होती. राज्यात अशा कमी पटाच्या शाळांची संख्या 14,783 सांगितली जात होती आणि त्यांतली एक आमच्या वाडीची होती. पहिली ते चौथी, पट सतरा. वाडी आणि मुख्य गाव यांच्यामध्ये ओढा आहे, आणि पावसाळ्यात त्याला पाणी आले की मोठी माणसेसुद्धा पलीकडे जात नाहीत. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. मुलांसाठी वाहनाची सोय करू, असे आम्हाला सांगितले गेले, पण ते वाहन ओढा कसे ओलांडणार याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

अर्ज भरण्याची मुदत 16 ते 20 ऑक्टोबर अशी होती. शपथपत्र, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, छाननी, चिन्हवाटप हे सगळे वेळेवर पार पडले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. (1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असावे लागते, आमच्या पॅनेलमधील एका मुलीचे गुणपत्रक ऐन वेळी शोधावे लागले, तेव्हा ते आधीच काढून ठेवा.) प्रचारात खरा प्रश्न मुख्य गावातील मतदारांचा होता, कारण वाडीतल्या सतरा मुलांसाठी त्यांनी मत का द्यावे, हे त्यांना पटवायचे होते. शाळेची खोली ही केवळ शाळा नसते. लसीकरण तिथेच होते, मतदान केंद्र तिथेच असते, आणि एकदा शिक्षकाचे पद गेले की ते परत मिळत नाही, हे आम्ही घरोघरी जाऊन सांगितले. आज वाडीची शाळा जाईल, उद्या तुमच्या आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका जाईल, हा मुद्दा म्हाताऱ्या बायकांना सर्वांत आधी कळला.

या प्रचारासाठी लोकांनी वस्तू दिल्या. एका शेतकऱ्याने जीप दिली, तरुण मंडळाने ध्वनिक्षेपक दिला, सभेच्या चटया घराघरांतून आल्या, फलक वाडीतल्या मुलांनी हाताने रंगवले आणि एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेल्या पत्रकाचा छपाईखर्च त्यांनी स्वतः केला. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. मतमोजणी 6 नोव्हेंबरला झाली आणि हिशेबाला निकालापासून तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा शेवटची तारीख 6 डिसेंबर ठरली. मुदतीत आणि विहित पद्धतीने हिशेब दिला नाही तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 14 ब नुसार पाच वर्षांसाठी अनर्ह, म्हणजे अपात्र, ठरवले जाऊ शकते. ज्या शाळेसाठी निवडून आले तिच्यासाठी एक ठरावही मांडण्याआधी पद जाण्याची ही शक्यता होती, म्हणून मी हे काम पहिल्याच आठवड्यात हाती घेतले.

निवडणूक शाखेतील कर्मचाऱ्याने माझा हिशेब उघडला आणि जीपच्या नोंदीवर बोट ठेवून बिल मागितले. जीप गावातल्या माणसाने विनामूल्य दिली आहे, असे मी सांगितले. "ताई, बिल नाही तर ही नोंद चालणार नाही," असे उत्तर मिळाले. मग नोंद काढून टाकू का, असे विचारल्यावर, "जीप सगळ्या तालुक्याने पाहिली आहे, उद्या तक्रार झाली तर खर्च लपवला असे होईल," असेही त्यानेच सांगितले. म्हणजे नोंद ठेवली तर हिशेब अपूर्ण आणि काढली तर खोटा. चटया, ध्वनिक्षेपक, रंग, पत्रके या प्रत्येकाबाबत हेच घडले. ज्याने सगळे विकत घेतले त्याच्याजवळ पावत्यांची फाइल असते आणि ती दोन मिनिटांत तपासून होते. ज्याला लोकांनी हातभार लावला त्याच्यासाठी त्या टेबलावर उत्तर नसते. हे मला तेव्हा फार लागले.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्ट्या आल्या. सुट्ट्या संपल्या तेव्हा कार्यालयातील बहुतेक माणसे कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेत होती, आणि महिन्याच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाल्यावर उरलेली पंचनाम्यांना गेली. ही कामे महत्त्वाची होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दर खेपेस नवा आक्षेप निघण्याची. दरसूचीप्रमाणे (निवडणूक खर्चासाठी ठरवून दिलेल्या दरांच्या यादीप्रमाणे) किंमत लावा, असे सांगितले गेले, पण दरसूची मिळाली नाही. ती शेवटी दुसऱ्या इमारतीच्या सूचना फलकावर जुन्या कागदांखाली सापडली. किमती लावून नेल्यावर वस्तू देणाऱ्यांचे काय, असा प्रश्न आला. सर्वांत वाईट सल्ला मात्र सौजन्याने दिला गेला: "कागद ठेवून जा, साहेब आले की बघतो, पोच नंतर घ्या." मी कागद ठेवले नाहीत. तुम्हीही कोणत्याही परिस्थितीत ठेवू नका, कारण पोच नसलेला हिशेब हा न दिलेलाच हिशेब असतो, आणि कागद गहाळ झाला तर तो दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

मार्ग दाखवला तो त्याच निवृत्त गुरुजींनी. वस्तू देणाऱ्या प्रत्येकाकडून साध्या कागदावर संमतिपत्र घेतले: काय दिले, किती दिवस दिले, मोबदला घेतला नाही, आणि खाली सही किंवा अंगठा. प्रत्येक वस्तूची किंमत दरसूचीतील दराने लावली आणि त्या दरापुढे सूचीतील अनुक्रमांक लिहिला. सर्व पानांना क्रमांक दिले, दोन संच केले आणि वर तहसीलदारांच्या नावे पत्र जोडून त्यात एकूण पाने व जोडपत्रांची यादी दिली. मग मी निवडणूक शाखेत न जाता थेट आवक शाखेत, म्हणजे कार्यालयात येणारे कागद नोंदवले जातात तिथे, गेले, तिथे पत्रावर आवक क्रमांक घेतला आणि तो घेऊन नायब तहसीलदारांसमोर बसले. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, जीप किती दिवस वापरली एवढा एकच प्रश्न विचारला आणि माझ्या प्रतीवर सही, शिक्का व तारीख दिली. मुदत संपायला तेव्हा फार वेळ उरलेला नव्हता. सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत थेट सरपंचपदासाठी खर्चाची मर्यादा 50,000 रुपये होती, आणि लोकांनी दिलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत धरूनही आमचा आकडा तिच्या निम्म्यापर्यंत गेला नाही. कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मला रडू आले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत शाळा वाडीतच राहावी असा ठराव झाला. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला पाठवला तेव्हाही दोन्ही ठिकाणी पोच घेतली. ठरावासोबत शाळा व्यवस्थापन समितीचे पत्र, मुलांच्या घरांपासूनचे अंतर आणि पावसाळ्यातील ओढ्याची छायाचित्रे जोडली. नुसत्या भावनेच्या अर्जापेक्षा असे कागद टेबलावर अधिक टिकतात, हे मी हिशेबाच्या प्रकरणातच पाहिले होते.

आता आठवले म्हणून सांगते. निवडणुकीसाठीचे स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या आधी उघडा आणि वर्गणी रोख आली तरी ती आधी त्या खात्यात भरून मग खर्च करा. संमतिपत्रे निकालानंतर गोळा करू नका, वस्तू ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी सही घ्या. राज्य निवडणूक आयोगाच्या ट्रू व्होटर अ‍ॅपवर खर्चाच्या नोंदी भरल्या म्हणजे काम संपले असे समजू नका. आणि हिशेब पराभूत उमेदवारांनाही द्यावा लागतो, बिनविरोध निवडून आलेल्यांनाही द्यावा लागतो. आमच्या पॅनेलमधील दोघे जण थोड्या मतांनी पडले होते आणि आता कशाला, असे म्हणत होते. त्यांचे हिशेब मी स्वतः सोबत बसून पूर्ण करून घेतले, कारण अनर्हता आली असती तर पुढच्या निवडणुकीत वाडीच्या बाजूने उभी राहणारी दोन माणसे कमी झाली असती.