एरर तरी दे की

बंद पडला याचं काही नाही. 2006-07 सालचा गेम, नव्या लॅपटॉपवर रुसणारच. पण रुसायचीही काही रीत असते. आयकॉनवर डबल क्लिक केलं, स्क्रीन काळी झाली, कर्सर जरा फिरला आणि पुन्हा डेस्कटॉप. 'अमुक फाइल सापडत नाही' एवढंही नाही. जसं मी काही उघडायला गेलोच नव्हतो.

याचा एवढा संताप का यावा? आईनं जेवायला हाका मारल्या, शेवटी दारात येऊन म्हणाली, "अरे, कुणाशी भांडतोयस?" भांडायला समोर कुणी असेल तर ना.

गेम क्रिकेटचा. लायसन्सच्या भानगडीमुळं आपल्या टीमची नावं त्यात भलतीच होती, ती दादानं बसून एकेक बदलली होती. सांगलीच्या गावभागातला सीपीयू 2019 च्या पुरात गेला. ती फाइल मात्र एका पेनड्राइव्हवर निघाली. मला ती टीम बघायची होती, बास. खेळायचं वगैरे नंतरचं. दादाला फोटो पाठवला असता. वास्तुशांतीपासून त्याच्याकडनं नुसतं 'ओके' येतंय. असो.

सगळं करून झालं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. कंपॅटिबिलिटी मोड, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. त्या काळातल्या गेमना लागणाऱ्या डायरेक्टएक्स 9 च्या काही फाइल्स आता विंडोजसोबत येत नाहीत, म्हणून जून 2010 चं ते पॅकेजही बसवलं. तीच काळी स्क्रीन, तोच डेस्कटॉप. बाहेर पाऊस, व्हॉट्सॲपवर आयर्विन पुलाच्या पातळीचे मेसेज. कृष्णा पण फुटाफुटानं सांगून चढते हो. माझ्याच वाट्याला सगळे न सांगता उठून जाणारे का? विचारलं की 'काही नाही'. काही नाही तर मग पानावरनं... जाऊ दे.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजच्या पोटात एक वही असते, तिच्यात कोण कधी कशानं पडलं ते सगळं टिपलेलं असतं. आपण उघडत नाही, एवढंच. माझ्या प्रत्येक खेपेची नोंद तिथं होती, वेळेसकट. कोड एकच, सीच्या पुढं सहा शून्यं आणि पाच. म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, प्रोग्रॅमनं नको त्या मेमरीला हात लावला. कारण म्हणावं तर कारण आहे, पण शंभर दुखण्यांना हाच ताप येतो.

शेवटी आईच्या अकाउंटमधनं लावून बघितला. पटकन सुरू! तोच लॅपटॉप, तोच गेम. म्हणजे भांडण लॅपटॉपशी नव्हतंच, माझ्याशी होतं.

आणि खरंच माझ्याशीच होतं. गेमच्या फोल्डरात एक बारकी टेक्स्ट फाइल होती. तिच्यात माझ्या डॉक्युमेंट्सचा पत्ता: सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि पुढं पाच प्रश्नचिन्हं. लॅपटॉप आणला तेव्हा दादानं अकाउंटला देवनागरीत 'धाकटा' नाव दिलं होतं. जुन्या बऱ्याच प्रोग्रॅमना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, कळत नाही, देवनागरी दिसली की अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह टाकतात. काने सुटे मोजतात, म्हणून तीन अक्षरांचे पाच. आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, मग तो पत्ता सापडणार कसा? मी रात्री एकटाच हसत बसलो. बिचारा दार शोधत होता आणि मी त्याला माजोरडा म्हणत होतो.

नवं अकाउंट काढ, इंग्रजीत नाव दे, हा सरळ उपाय. नुसतं नाव बदलून भागत नाही, फोल्डर जुन्याच नावानं राहतो. पण धाकटा काढायचं माझ्या जिवावर आलं. डॉक्युमेंट्स फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून लोकेशन डी ड्राइव्हवर दिलं. झालं.

टीम उघडली. चार नंबरला विजय हजारे. 1952 ला आपण पहिली कसोटी जिंकली तेव्हा कॅप्टन तेच, पण आमच्याकडं ते कॅप्टन होते ते जन्म सांगलीचा म्हणून. ओपनिंगला अर्थातच दादा स्वतः. आणि मी? वरनं खाली शोधत गेलो. अकरावा!

फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, "मला अकरावा का ठेवला होतास?"

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "बॅटिंग येत नव्हती तुला."

साफ खोटं आहे. शिवाजी स्टेडियमवर याला मी तीन सिक्स मारलेत, आणि बॉल हा स्वतः आणायला गेला होता. तेच टाईप करतोय आता.