सांगोल्याने एकाच माणसाला अकरा वेळा का निवडून दिलं?

गाव सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला म्हटलं की मुंबईत आजकाल समोरच्याला आधी शहाजीबापू पाटलांचा २०२२ मधला गुवाहाटीचा तो फोन आठवतो, झाडी, डोंगर आणि हाटीलवाला. ते झालं की दुसरा प्रश्न येतो. "तुमच्याकडे गणपतराव देशमुख हा एकच माणूस अकरा वेळा आमदार कसा झाला? लोकांना दुसरं कोणी दिसलंच नाही का?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते आहे.

दुसरं कोणी दिसत नव्हतं असं नाही. प्रत्येक निवडणुकीत दिसत होतं, तगडं दिसत होतं, आणि दोनदा तर सांगोल्याने त्यालाच निवडलं. बाहेरच्यांना अकराचा आकडा माहीत असतो, हे दोन पराभव माहीत नसतात. माझ्या मते सगळी गोष्ट त्या पराभवांत आहे.

गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकापकडून) १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. ते वर्ष विरोधकांचं नव्हतंच. संयुक्त महाराष्ट्र मिळाला होता, समितीचा जोर ओसरला होता आणि काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या होत्या. शेकापला मिळाल्या १५. त्यात सांगोला होता. याचं कारण माणसाइतकंच जमिनीतही आहे. बाकी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता उसावर उभी होती: साखर कारखाना, बँक, सोसायटी, आणि त्या साखळीत अडकलेला शेतकरी. आमच्याकडे पाणीच नव्हतं, मग ऊस कुठला? माण नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच असायची. ज्याच्या हातात कारखान्याचा काटा आहे त्याला भिऊन मत द्यावं, अशी परिस्थितीच तालुक्यात नव्हती. म्हणून पैसा नसलेला, लाल बावट्याचा पक्ष तिथे टिकू शकला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारखे शेकापचे संस्थापक काँग्रेसमध्ये परत गेले, तरी गावोगावचे कार्यकर्ते जागचे हलले नाहीत.

१९६७ ला ते पुन्हा आले. १९७२ ला मात्र इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. तेच वर्ष दुष्काळाचं. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. दुष्काळात वाटलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीचं आणि सुकडीच्या कोरड्या खाऊचं ती इतकं सांगायची की आम्हा नातवंडांना ते पाठ झालं होतं. हरलेला माणूसही तेव्हा दुष्काळी कामांवर हिंडत होता, मजुरीसाठी भांडत होता, हेही तिच्याच तोंडून ऐकलेलं. १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि सांगोल्याने आबासाहेबांना परत पाठवलं. १९७८, ८०, ८५, ९० या सलग विजयांबद्दल फार लिहीत नाही. मधे ते शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात मंत्री झाले, विरोधी पक्षनेतेही झाले.

१९९५ वर मात्र थांबायला हवं. काँग्रेसच्या तरुण शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी हरवलं. १९२! आमच्याकडे एखाद्या मोठ्या वाडीवर याहून जास्त मतं असतात. मुंबईतल्या आमच्या तालुक्याच्या माणसांना त्या रात्री झोप लागली नसेल. माझे वडील मशीद बंदरला माथाडी कामगार होते आणि मतदार यादीतलं नाव त्यांनी मुद्दाम गावालाच ठेवलं होतं. मतदानाच्या आदल्या रात्री दादर-परळहून गाड्या सुटायच्या, अजूनही सुटतात. मतदारसंघाचा निकाल कधीकधी त्या गाड्यांवर ठरतो, हे मुंबईत बसून कोणाला खरं वाटत नाही. १९२ चा आकडा ऐकल्यावर वाटेल.

मग पुन्हा १९९९ ते २०१४ सलग चार वेळा तेच का? जातीचं गणित आहे, आणि ते मी लपवणार नाही. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि आबासाहेब त्या समाजाचे. पण एकट्या समाजावर अकरा विजय होत नाहीत, आणि तो समाज १९७२ ला होता, १९९५ लाही होताच. मला तीन गोष्टी जास्त वजनाच्या वाटतात.

एक म्हणजे सूतगिरणी. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि राज्यातल्या कितीतरी गिरण्या बुडाल्या तरी ती चालली. घरातलं एक माणूस गिरणीत असलं की दुष्काळातही त्या घरात पगार यायचा. याचा अर्थ गिरणगाव बंद पडताना पाहिलेल्या मुंबईकराला वेगळा सांगायला नको.

दुसरं पाणी. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांचे लोक त्यात जमायचे, आणि आबासाहेब त्या व्यासपीठावर कायम असायचे. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूतून टप्प्याटप्प्याने उचलून माणदेशात आणायचं ही मागणी तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होती. ती पूर्ण व्हायला दोन-अडीच दशकं लागली आणि शेवटच्या गावांचं काम त्यानंतरही राहिलंच. दरम्यान लोकांनी शेततळी खणली, ठिबकवर डाळिंब लावलं. सांगोल्याचं डाळिंब इतकं वाढलं की डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच बंगालकडे निघाली.

आणि तिसरं, ते भेटायचे. आमदार एसटीने फिरतो हे आता कौतुकाने सांगितलं जातं, पण बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईला आपलं रेशनकार्डाचं काम तिथेच सांगता यायचं, हा त्यातला खरा मुद्दा. गावाकडचा माणूस उपचारांसाठी टाटाला किंवा केईएमला आला की मुंबईत त्याचा आधार कोण? नातेवाईक, नाहीतर आमदार निवासातली आमदाराची खोली. ज्याने त्या जमिनीवर सतरंजी टाकून रात्र काढली, त्याला पक्षाचा जाहीरनामा वाचायची गरज वाटत नाही.

शहाजीबापूंबद्दलही आदराने बोललं पाहिजे. १९९५ नंतर पुन्हा निवडून यायला त्यांना चोवीस वर्षं लागली. पक्ष बदलले, पण तालुका सोडला नाही. २०१९ ला आबासाहेबांनी वयामुळे माघार घेतली, नातू अनिकेत उभे राहिले आणि शिवसेनेकडून लढलेले शहाजीबापू ७६८ मतांनी आले. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. विरोधकाने इतकं चिवटपणे लढत राहणं हेही सांगोल्याचंच वैशिष्ट्य आहे, आणि त्याच्याशिवाय अकराच्या आकड्याला अर्थ राहिला नसता. ज्या मतदारसंघात समोर कोणी उभंच राहत नाही, तिथल्या विजयाचं मला काही वाटत नाही.

२०२४ ला लढत तिरंगी झाली. शहाजीबापू शिंदेंच्या शिवसेनेकडून, दीपक साळुंखे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून, आणि शेकापकडून दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. बाबासाहेब पंचवीस हजारांवर मतांनी आले. राज्यभरात शेकापची निवडून आलेली ती एकच जागा. नातवाला आजोबांच्या पुण्याईवर मतं मिळाली हे उघड आहे, आणि घराण्याचा वारसा चालावा असं मला मुळीच वाटत नाही. आजोबांच्या वेळी तरी तो प्रश्न नव्हता, ते कोणाचे वारस म्हणून आलेले नव्हते.

वडील आता नाहीत आणि माझं नाव मुंबईच्या यादीत आहे, त्यामुळे सांगोल्यात माझं मत नाही. तरी चुलतभावाचा फोन आला की टेंभूचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटलं आणि आमच्या शिवारापर्यंत पोचलं का, हे मी आधी विचारते. गेल्या उन्हाळ्यात ते उशिरा पोचलं. नव्या आमदारांना भेटायला गावातली माणसं गेली होती, आणि शहाजीबापूंकडेही गेली होती.