पेंचची पानगळ टिपायची तर मार्चमध्ये

नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात फोटो काढायला जाणार असाल, तर आपल्याकडची पानगळ ऑक्टोबरात शोधू नका. तेव्हा जंगल हिरवंगार असतं. साग जानेवारीपासून ओकाबोका व्हायला लागतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते. ती लाली थोड्याच दिवसांत हिरवी होते. त्यामुळे सिल्लारी किंवा खुर्सापार गेटचं बुकिंग रंगांसाठी करायचं असेल तर मार्च धरा. फक्त वाघ हवा असेल तर मे महिना, पाणवठे आणि ऊन सोसायची तयारी.

पळस भल्याभल्यांना फसवतो. कॅमेरा लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो; केशरी फुलात त्यातला लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं, पण घरी येऊन बघावं तर पाकळीची घडी, तिच्यावरची बारीक लव गायब, उरतो नुसता सपाट डाग. म्हणून तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -२/३ ते -१ ठेवा (म्हणजे फोटो थोडा काळसर) आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचं सेटिंग, ऑटोवर नको. सगळीकडे तांबूस दिसलं की तो निळसरपणा वाढवतो आणि पाचोळा मातकट होतो. ५,५०० केल्विनच्या आसपास पक्का करून टाका.

कुसुमाची कोवळी पानं तेल लावल्यासारखी चकाकतात. लेन्सपुढे लावायचा पोलरायझर फिल्टर फिरवला की चकाकी उतरते आणि खरा रंग दिसतो. पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून प्राण्यांच्या लेन्सवरून काढून ठेवा.

प्राण्यांसाठी १००-४०० मिमीची झूम लेन्स पुरते. शटर उभ्या चितळाला १/५०० सेकंद, पळत्याला निदान १/१६००. सफारीच्या उघड्या जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी; दीड-दोन किलो तांदूळ भरलेली बीन बॅग दांडीवर ठेवा आणि इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर फोटोत उतरते. पानं झडली की जनावर दिसतं खरं, पण फोकस पुढच्या काटक्यांवर जाऊन बसतो. डोळा ओळखणारा फोकस इथे बऱ्याचदा चुकतो. सरळ एकच छोटा फोकस पॉइंट घ्या. काळ्या रानगव्यावर कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि मागचा पाचोळा पांढरा पडतो, तिथेही -१.

गाइडला नुसतं “वाघ दाखवा” म्हणण्यापेक्षा “भाऊ, गाडी दोन हात मागे घ्या” म्हणणं जास्त कामाचं. तेवढ्यात सांबराच्या मागे करड्या खोडांऐवजी पळस येतो. कुलूच्या झाडाच्या पांढऱ्या खोडावर बसलेलं वानर तर चुकवूच नये.

नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते आणि लांबचं सगळं थरथरायला लागतं. लेन्स कितीही महाग असो, ही झळ कापत नाही. तेव्हा जवळचं टिपा, किंवा वाइड लेन्स लावा. मात्र धावत्या जिप्सीत लेन्स बदलू नका. रस्त्याच्या धुळीत बारीक खडे असतात, म्हणून लेन्स साफ करताना आधी ब्लोअर (हवेचा फुगा), मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर कोटिंगवर ओरखडे पडतात.