शुद्ध येईल न्हवं?

कागलकडच्या एका आजींनी ऑपरेशन टेबलावर पडल्या पडल्या माझा हात घट्ट धरला. “बाई, शुद्ध येईल न्हवं मला?” कोल्हापुरात भूल द्यायला लागल्यापासून हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. नातेवाईक बाहेर गाठून विचारतात, “मॅडम, गॅस जास्त झाला तर?” तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

शुद्ध येते, कारण हा भुलीचा वायू अंगात मुक्कामाला राहत नाही. श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत जातो आणि आल्या वाटेनेच परत जातो. सध्या आम्ही बहुधा सेव्होफ्लुरेन वापरतो. त्याचा साधारण 5 टक्केच भाग यकृतात मोडतो, बाकीचा उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. उच्छ्वासात किती वायू आहे, तो आकडा सतत माझ्यासमोर असतो. चाळिशीतल्या माणसाला तो उच्छ्वासात 2 टक्क्यांच्या आसपास लागतो, ऐंशीच्या आजींना त्याहून बराच कमी. शेवटचे टाके पडत आले की मशीनवरची वायू सोडणारी पिवळी चकती मी शून्यावर आणते. आकडा उतरत जातो, पापण्या हलायला लागतात.

भीती मात्र पोकळ नाही. 1848 साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत दगावली. तेव्हा भूल देणाऱ्याच्या हाती नाडी आणि चेहऱ्याचा रंग, एवढंच होतं. आज बोटाला चिमटा लावतो. त्या पल्स ऑक्सिमीटरची कल्पना 1970च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्याचा टिकटिक आवाज जाड होत जातो. पाठमोरी असले तरी मला तो कळतो. आणि भूल देऊन आम्ही निघून जात नाही. पेशंट जागा होईपर्यंत उशाशीच असतो.

मला खरी धास्ती असते ती पोटाची. टॉन्सिलच्या ऑपरेशनला आलेल्या पाच वर्षांच्या पोराला आईने पहाटे बिस्कीट दिलं होतं. “रडत होतं वो, एकच दिलं.” तिने आपणहून सांगितलं म्हणून मी तिचे आभार मानले आणि ऑपरेशन दुपारी ठेवलं. भुलीत घशाची राखण झोपलेली असते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरतं आणि जिवावर बेततं. म्हणून हलक्या खाण्यानंतर 6 तास, तेलकट किंवा मटणाच्या जेवणानंतर 8 तास पोट रिकामं हवं. साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरू नका. ‘ताकद यावी’ म्हणून आदल्या रात्री उशिरा डब्यातून पांढरा रस्सा आणणाऱ्यांची माया मला कळते, पण कृपा करून आणू नका.

आणखी एक विचारते, “घरात कुणाला भूल बाधली होती का?” काही मोजक्या घराण्यांत असा दोष असतो की या वायूंनी स्नायू ताठरतात आणि ताप झपाट्याने चढतो. डँट्रोलीन हे औषध त्यावर आहे, पण आधी कळलं तर मी वायू टाळून शिरेतल्या औषधांवरच भूल देते. काकांच्या ऑपरेशनची वीस वर्षांपूर्वीची गोष्टही म्हणून सांगावी. मिश्री, तंबाखू, हलणारा दात, सगळंच सांगा.

बाकीचे त्रास बहुतेक एक-दोन दिवसांचे असतात. मळमळ बायकांना जास्त होते, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनाही. म्हणून मी गगनबावड्याच्या घाटात उलटी होते का, हेही विचारते आणि तशी औषधं आधीच देते. थंडी वाजते, घसा खवखवतो. लहान मुलं जागी होताना कधीकधी आईलाही न ओळखता हातपाय झाडून रडतात. आयांचा जीव तिथे कासावीस होतो, पण थोड्या वेळात ते आपोआप निवळतं.

म्हाताऱ्या माणसांची काळजी वेगळी. काहींना दोन-चार दिवस भ्रम होतो, ठिकाण कळत नाही, रात्री उठून बसतात. अशा वेळी चष्मा, कानातलं यंत्र आणि ओळखीचा आवाज जवळ असावा लागतो. कागलकडच्या त्या आजींच्या मुलाला म्हणूनच मी चष्मा घेऊन रिकव्हरी रूमच्या दारात थांबायला सांगितलं होतं. त्याने तो आईच्या डोळ्यांवर ठेवला. आजींनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“झालं व्हय?”